चाकांना मज्जाव

लांब पल्ल्याच्या गाडीत आपला डबा नेहमी पार टोकालाच का येतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. मावशीला सोडायला सीएसएमटीला गेलो तेव्हाही तेच. तिचे गुडघे अलीकडे कुरकुर करतात, म्हणून फलाटाच्या तोंडाशी उभी असलेली बॅटरीची गाडी केली. वर छत, बाजूला दारं नाहीत, मागच्या बाकावरच्यांची तोंडं उलटी, आणि आवाज नसल्यातच जमा. मावशी पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसली.

"ही कसली रे गाडी?"

"मूळची गोल्फच्या मैदानावरची. खेळाडूंना इकडून तिकडे न्यायला."

"म्हणजे बसून खेळायचा खेळ आहे होय तो!"

मी हसण्यावारी नेलं. पण परत येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण गोल्फच्या जगात गेली कित्येक वर्षं लोक याच प्रश्नावर भांडतायत, आणि एकदा ते भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचलं होतं.

आधी खेळ बघू. जेमतेम 43 मिलिमीटर व्यासाचा चेंडू, आणि त्याला ज्या भोकात घालायचं ते 108 मिलिमीटरचं. अशी अठरा भोकं, म्हणजे ‘होल’. प्रत्येकाची सुरुवात ‘टी’ नावाच्या सपाट चौथऱ्यावर, मग ‘फेअरवे’चं लांबलचक कुरण, आणि शेवटी ‘ग्रीन’, म्हणजे गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ. अठरा होलांची लांबी सरळ रेषेत सहा-साडेसहा किलोमीटर भरते. पण चेंडू सरळ जाईल तर तो गोल्फ कसला? त्याच्या मागे डावीउजवीकडे भटकत माणसाची पायपीट आठ ते दहा किलोमीटर होते. साधारण बरा खेळणारा माणूस त्यात नव्वदेक फटके मारतो. एका फटक्याला दोन सेकंद धरा. झाली तीन मिनिटं. आणि खेळ चालतो चार तास!

उरलेली तीन तास सत्तावन्न मिनिटं माणूस काय करतो? चालतो, नाहीतर बसतो.

अमेरिकेत बहुतेक जण बसतात. तिथल्या कितीतरी रिसॉर्टमध्ये कार्टचं, म्हणजे याच बॅटरीच्या गाडीचं, भाडं खेळाच्या पैशांतच धरलेलं असतं. चालायचं म्हटलं तर लोक तुमच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघतात. आणि त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगॉन राज्यात, एक गोल्फ रिसॉर्ट आहे जिथे धडधाकट माणसानं कितीही पैसे मोजले तरी त्याला कार्ट मिळत नाही. नाव बँडन ड्यून्स. गंमत म्हणजे, ही जागा वाकडी वाट करून जाण्याइतकी आडबाजूला आहे. पोर्टलंडहून मोटारीनं चार-साडेचार तास. बँडन हे गाव साडेतीन हजार वस्तीचंही नाही. विमान, मग दुसरं विमान, मग मोटार, असं करत जगभरातून लोक येतात, आणि येतात कशासाठी, तर रोज दहा-दहा, कधी वीस-वीस किलोमीटर वाळूच्या टेकड्यांत वाऱ्याशी झुंजत चालण्यासाठी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून माथेरानात पायी शिरलेल्या माणसाला हे वेड थोडंफार कळेल.

हे वेड ज्याच्या डोक्यातून निघालं तो माइक कायझर शिकागोचा. त्यानं मित्राबरोबर 1971 साली रद्दीपासून बनवलेल्या कागदावर शुभेच्छापत्रं छापायचा धंदा सुरू केला होता आणि त्यात चांगला पैसा केला. त्यानं ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर जी जमीन घेतली ती काट्यांनी गच्च भरलेली होती. गॉर्स नावाचं हे झुडूप मूळचं युरोपातलं. पिवळीधमक फुलं, आणि काटे असे की करवंदीची जाळी बरी म्हणावी. आयर्लंडमधल्या बँडनहून आलेल्या एका गृहस्थानं एकोणिसाव्या शतकात या गावाला स्वतःच्या गावाचं नाव दिलं, आणि घरची आठवण म्हणून की काय, हे झुडूपही सोबत आणलं. त्याच्या पानाफांद्यांत तेल असतं. 1936 च्या सप्टेंबरात जंगलातला वणवा गावापर्यंत आला, गॉर्सनं तो झेलला, आणि बँडन गाव जवळजवळ सगळंच बेचिराख झालं. झुडूप मात्र पुन्हा उगवलं. ते असं माजलेलं असताना त्या जमिनीवर कोण काय बांधणार? गॉर्सनंच ती जागा कायझरसाठी राखून ठेवली म्हणायची.

पहिलं मैदान आखायला त्यानं डेव्हिड मॅकले किड या विशीतल्या स्कॉटिश पोराला बोलावलं. तेव्हा त्याच्या नावावर सांगण्यासारखं एकही मोठं मैदान नव्हतं. वडील मात्र स्कॉटलंडमधल्या ग्लेनईगल्सच्या हिरवळी सांभाळायचे. मे 1999 मध्ये मैदान खुलं झालं. आडगाव, पाऊस, वारा, आणि वर कार्ट नाही! अमेरिकेतल्या जाणत्यांच्या दृष्टीनं हे म्हणजे लिफ्ट नसलेलं दहा मजली हॉटेल काढण्यासारखं होतं. आज तिथे अठरा होलांची पाच मैदानं आहेत, शिवाय छोटी वेगळी, आणि पाचांपैकी एकावरही काँक्रीटचा कार्टरस्ता नाही.

त्या नसलेल्या रस्त्याचा मी विचार करू लागलो तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. मला वाटलं होतं, कार्ट नको हा निव्वळ शिस्तीचा किंवा जुन्या वळणाचा आग्रह असेल. तसा तो थोडा आहेही. पण त्याच्या मुळाशी गवत आहे. अक्षरशः मुळाशी.

उष्ण हवेतल्या अमेरिकेत गोल्फच्या मैदानांवर जे गवत सर्रास दिसतं त्याला तिकडे बर्म्युडा म्हणतात. नाव ऐकून समुद्रापारचं काहीतरी वाटतं ना? शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा! मैदानावर बहुधा तिचे संकरित वाण असतात, पण रक्त तेच. शेतकऱ्याला विचारा हरळी काय चीज आहे ते. वरून उपटली तर खालून येते, खालून खणली तर तुकड्यातून येते. जमिनीवरून धावणारे आणि जमिनीखालून सरकणारे असे दोन्ही प्रकारचे फुटवे तिला असतात. कार्टच्या चाकानं ती दुखावली तरी उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांत जखम भरून काढते. कार्टवाल्या मैदानाला असंच निबर गवत लागतं.

बँडनला ते चालत नाही. तिथे समुद्राची गार हवा, खाली निव्वळ वाळू. तिथे लावलंय फेस्क्यू: सुईसारखी बारीक पाती, खत थोडं, पाणी थोडं, वाढही संथ. उन्हाळ्यात ते हिरवंगार दिसतच नाही, पिकल्या भातासारखं सोनेरी होतं. पण याच गवताखाली जमीन टणक राहते, आणि चेंडू हवेतून धप्पकन पडून थांबण्याऐवजी जमिनीवरून घरंगळत, उतार शोधत, चाळीस-पन्नास पावलं पुढे जातो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हा खेळ असाच रुजला. वाऱ्यात उंच मारलेला चेंडू भरकटतो, म्हणून तो खालून, जमिनीच्या अंगानं खेळायचा. त्या खेळाला फेस्क्यू हवं. आणि फेस्क्यूला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, ती म्हणजे सततची रहदारी. एकदा झिजलं की भरून यायला त्याला फार वेळ लागतो, आणि तोवर त्या उघड्या जागेत पोआ नावाचं आगंतुक गवत घुसून पाय पसरतं.

इथे मला शंका आली. माणूस चालतो तेव्हाही गवत तुडवतोच की! टाचेखालचा दाब काही चाकाखालच्या दाबापेक्षा फार कमी नसतो. कधी जास्तही भरेल. मग फरक कुठे? फरक आहे तो ठिपक्यात आणि रेघेत.

ढोबळ हिशेब मांडला. नऊ किलोमीटरच्या फेरीत माणूस साधारण बारा हजार पावलं टाकतो. एका पावलाखाली जमिनीचा तळहाताहून थोडा मोठा तुकडा येतो. सगळी पावलं एकाशेजारी एक मांडली तर पावणेदोनशे चौरस मीटर, दोघांची मिळून साडेतीनशे. आता त्याच दोघांना कार्टमध्ये बसवा. गाडीचं वजन चार-साडेचारशे किलो, वर दोन माणसं, दोन बॅगा. चाक पाऊल उचलत नाही. ते कणभरही जागा न सोडता रेघ ओढत जातं. वीतभर रुंदीच्या दोन समांतर रेघा, आठ किलोमीटर. क्षेत्रफळ अडीच-तीन हजार चौरस मीटर, आणि प्रत्येक इंचावरून आधी पुढचं चाक जातं, मग मागचं. शिवाय वळताना चाक गवताला नुसतं दाबत नाही, पिळतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे चालणारी माणसं विखुरतात, कार्टं मात्र एकमेकींच्या मागे त्याच सोयीच्या वाटेनं जातात. बैलगाडीच्या चाकोऱ्या कशा पडतात ते ज्यानं पाहिलंय त्याला आणखी सांगायला नको. ‘चाकोरी’ हा शब्दच मुळी चाकातून आलाय.

चाकोऱ्या पडू नयेत म्हणून मग काँक्रीटचा रस्ता बांधायचा. तो मैदानाच्या कडेकडेनं सगळ्या होलांना वळसे घालत कित्येक किलोमीटर जातो. पाऊस झाला की फर्मान निघतं, कार्टनं रस्ता सोडायचा नाही. तेव्हा होतं असं, की तुमचा चेंडू पडलेला असतो समोरच्या अंगाला, तुम्ही उतरता, कुठली काठी लागेल त्याचा अंदाज नसल्यानं तीन-चार उचलता, मैदान ओलांडून जाता, मारता, परत येता, गाडी दहा पावलं पुढे नेता. मग शेजारी बसलेल्या गड्याची पाळी, आणि त्याचा चेंडू दुसऱ्याच दिशेला! गाडी आहे म्हणून खेळ भराभर होतो हा समज अशा दिवशी पार गळून पडतो. चौघे चालत असतील तर चौघेही आपापल्या चेंडूकडे एकाच वेळी निघतात.

या गाडीचा जन्म मात्र मावशीसारख्यांसाठीच झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या लायमन बीचर नावाच्या सांधेदुखीनं बेजार झालेल्या माणसानं 1930 च्या दशकाच्या आरंभी स्वतःसाठी असं वाहन करवून घेतलं, अशी नोंद सापडते. पहिलं म्हणे रिक्षासारखं होतं आणि दोन कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारी माणसं, ते ओढायचे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना 1955 साली हृदयविकाराचा झटका आला, त्यानंतर ते कार्टमधून खेळताना दिसू लागले. राष्ट्राध्यक्षच बसले म्हटल्यावर बाकीच्यांना कसला संकोच! जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात 1954 साली ई-झी-गो ही कंपनी निघाली. पुढे क्लब कारही त्याच शहरात आली. जगातल्या या दोन बड्या कार्ट कंपन्यांचं गाव ऑगस्टा, आणि त्याच गावात दर एप्रिलला मास्टर्स ही स्पर्धा होते, जिचे खेळाडू चारही दिवस पायी खेळतात.

क्लबांना कार्ट आवडली याचं कारण साधं आहे. कॅडीची मजुरी कॅडीच्या खिशात जाते. कार्टचं भाडं क्लबच्या.

पण पैशापेक्षाही खोल परिणाम झाला तो मैदानाच्या आकारावर, आणि ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त चकित करून गेली. गोल्फचे लेखी नियम पहिल्यांदा 1744 साली एडिंबराजवळच्या लीथमध्ये झाले. त्यातला पहिलाच नियम सांगतो, की पुढच्या होलची सुरुवात आधीच्या भोकापासून एका काठीच्या अंतराच्या आतच करायची. म्हणजे एक होल संपला की दोन पावलांवर दुसरा सुरू! सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर आजही ग्रीनवरून पुढच्या टीवर जायला फारसं चालावं लागत नाही. ते मैदान पायांनी आखलेलं आहे. कार्ट आली आणि आखणाऱ्यांच्या हातातली दोरी सुटली. हा होल या टेकडीवर, पुढचा त्या दरीपलीकडे, मधे तीनशे मीटर, काय बिघडतं? बसून तर जायचंय! बिल्डरांनी हे बरोबर ओळखलं. मैदान जितकं लांब ताणाल तितके त्याच्या काठाला बंगल्यांचे प्लॉट जास्त. अमेरिकेत अशी कितीतरी मैदानं झाली, जी पायी खेळायची म्हटलं तरी खेळता येत नाहीत. तिथे कार्ट ही सोय उरलेली नाही, ती मैदानाचाच एक अवयव झालीय.

उलट पायी मैदान आखणाऱ्याला जमिनीशी घासाघीस करावी लागते. बँडनचं दुसरं मैदान, पॅसिफिक ड्यून्स, 2001 मध्ये टॉम डोक यानं आखलं. गोल्फमध्ये लहान, मध्यम आणि लांब होलांचं प्रमाण ठरलेलं असतं, आणि दोन लहान होल लागोपाठ आले की पंडितांच्या कपाळाला आठ्या पडतात. डोकनं दहावा आणि अकरावा असे दोन लहान होल पाठोपाठ ठेवले, दोन्ही समुद्राच्या बाजूला. दुसऱ्या नऊ होलांत असे लहान होल चार. जमीन तशी होती, पावलं तशी पडत होती, बास. नियमाच्या पुस्तकापेक्षा त्यानं टेकड्यांचं ऐकलं. या मैदानाची गणना जगातल्या उत्तमांत होते.

चालण्याचा आणखी एक फायदा खेळाडू सांगतात, तो आधी मला थापेबाजी वाटला होता. म्हणे, तळपायाला उतार कळतो. विचार केल्यावर पटलं. डोळा फसतो, विशेषतः समुद्राकाठी, जिथे सगळंच थोडं कललेलं दिसतं. पण आपण उभे राहिलो की घोट्यापासून कानातल्या तोलाच्या नळ्यांपर्यंत सगळी यंत्रणा जमिनीचा कल मोजत असते. चेंडूपर्यंत चालत आलेल्या माणसाला जमीन टणक आहे की भुसभुशीत, वारा टेकडीआड पडतोय की अंगावर येतोय, हे विचारावं लागत नाही. बँडनला उन्हाळ्यात वारा उत्तरेकडून घोंगावतो आणि हिवाळ्यातली वादळं बहुतेक दक्षिणेच्या अंगानं येतात. एकच होल जुलैत एक आणि जानेवारीत दुसराच. कार्टमधून उतरलेल्या माणसाला हे सगळं एका मिनिटात वाचायचं असतं. चालणारा ते चारशे मीटर वाचत आलेला असतो.

आणि शरीराचं काय? डेन्व्हरमध्ये मोजक्याच खेळाडूंवर केलेला एक अभ्यास यात नेहमी सांगितला जातो. नऊ होलांना, बॅग खांद्यावर घेऊन चालणाऱ्याच्या 721 कॅलरी खर्च झाल्या, हाताने ढकलायच्या ट्रॉलीवर बॅग ठेवणाऱ्याच्या 718, बॅग कॅडीकडे देऊन चालणाऱ्याच्या 613, आणि कार्टमधल्याच्या 411. म्हणजे बसूनही चारशे जातातच. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. त्याहून मोठा अभ्यास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेचा, 2008 सालचा. तीन लाख स्वीडिश गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या, त्याच आर्थिक गटातल्या इतरांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी निघाला, आयुष्याच्या हिशेबात साधारण पाच वर्षं जास्त. स्वीडनमध्ये लोक मुख्यतः चालतच खेळतात. पण यावरून लगेच काठी घेऊन धावू नका. ज्याला चार तास चालवतं तोच गोल्फ खेळत राहतो, हेही त्या आकड्यांत कुठेतरी दडलेलं असणारच.

आता न्यायालयाची गोष्ट, कारण इथे चालण्याच्या कौतुकाला खरा चटका बसतो.

केसी मार्टिन हा ऑरेगॉनचाच, युजीन शहरातला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात टायगर वुड्सच्या बरोबरीनं खेळलेला. त्याच्या उजव्या पायात जन्मापासून रक्ताभिसरणाचा दुर्धर दोष होता. चालताना वेदना, आणि हाड मोडण्याची टांगती तलवार. व्यावसायिक स्पर्धांत चालणं सक्तीचं. त्यानं कार्टची परवानगी मागितली, त्या स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरनं नाकारली, आणि तो कोर्टात गेला. आर्नोल्ड पामर, जॅक निक्लस असे दिग्गज टूरच्या बाजूनं उभे राहिले. केन व्हेंच्युरीही होता, ज्यानं 1964 ची यूएस ओपन भयंकर उकाड्यात एका दिवसात 36 होल चालून, जवळजवळ कोसळत जिंकली होती. त्यांचं म्हणणं, थकवा हा खेळाचाच भाग आहे. मार्टिनच्या बाजूनं आलेल्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकानं मग हिशेब मांडला: पाच तासांत पाच मैल चालताना जेमतेम 500 कॅलरी जातात, एका बिग मॅकपेक्षाही कमी! डेन्व्हरचे आकडे वर वाचलेत ना, त्यात निम्म्याच होलांना 721. तज्ज्ञ बदलला की कॅलऱ्याही बदलतात, हे आपण कुठल्याही डाएटवाल्याकडे पाहिलेलं आहेच.

29 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूनं निकाल दिला. न्या. स्टीव्हन्स यांचं म्हणणं थोडक्यात असं, की गोल्फचा गाभा फटका आहे, चालणं नव्हे; आणि तसंही कार्टमध्ये बसलेल्या मार्टिनचे हाल चालणाऱ्या इतरांपेक्षा जास्तच होतात. न्या. स्कालिया यांनी वेगळं मत नोंदवताना, खेळाचा गाभा कुठला हे न्यायमूर्तींनी ठरवायचं, या कल्पनेचीच खिल्ली उडवली. मला विचाराल तर दोघांचंही पटतं, पण स्टीव्हन्स यांचं अधिक. ज्याच्या पायाला रोज परीक्षा आहे त्याला आणखी एक कशाला? पुढे 2006 मध्ये मार्टिन ऑरेगॉन विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला आणि 2016 मध्ये त्याच्या मुलांनी देशाचं आंतरविद्यापीठीय विजेतेपद मिळवलं. 2021 मध्ये तो पाय अखेर कापावा लागला.

बँडनमध्येही कायमचं अपंगत्व असलेल्यांना कार्ट मिळते. म्हणजे सांधेदुखीच्या बीचरसाठी जी निघाली होती, ती पुन्हा तशाच माणसांपुरती उरली. हे मला फार योग्य वाटतं. बाकी तिथल्या सोवळ्यालाही बारीक बारीक ठिगळं आहेत. हाताने ढकलायची तीनचाकी ट्रॉली चालते. म्हणजे मज्जाव चाकाला नाही, इंजिनाला आहे. बँडन ट्रेल्स या तिसऱ्या मैदानावर तेरा आणि चौदाच्या मधला चढ असा छातीवर येतो, की तिथे खेळाडूंना वर सोडायला गाडी ठेवलेली असते. आणि ‘आम्ही चाललो’ म्हणणाऱ्या कित्येकांची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर असते. एकेक कॅडी दोन-दोन बॅगा घेऊन तेच दहा किलोमीटर चालतो. तो चेंडू शोधतो, वारा सांगतो, पोटही भरतो. आपल्याकडच्या गोल्फ क्लबांत पुढे जाऊन चेंडूवर नजर ठेवणाऱ्याला ‘आगेवाला’ म्हणतात, किती नेमका शब्द! कार्ट आली तिथे आगेवाल्याचं आणि कॅडीचं काम आधी गेलं. बँडननं कार्ट नाकारली आणि त्या छोट्या गावाच्या आसपास शेकडो माणसांना हे काम मिळालं.

हे सगळीकडे जमेल असं मात्र नाही. बँडनचा उन्हाळा आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्याइतका. ॲरिझोनाच्या वाळवंटात, चाळीस अंशांच्या पुढे, साठीच्या माणसाला चालायला लावणं हा निव्वळ दुष्टपणा ठरेल. जिथे वाळूची जमीन, गार हवा आणि समुद्र एकत्र आहेत तिथेच कायझरची युक्ती पुन्हा चालली. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात इनव्हर्नेस हे कोळशाच्या खाणी बंद पडल्यानं ओस होत चाललेलं गाव. तिथे जुन्या खाणीच्याच जागेवर 2012 मध्ये कॅबट लिंक्स हे पायी मैदान झालं. लोक तिथेही विमानं बदलत चालायला जातात. इतकं इंधन जाळून चालायला जाण्यातला विनोद त्यांना कळत नसेल असं नाही.

बँडनच्या या सगळ्या वसाहतीची आखणी कायझरचा मित्र हॉवर्ड मॅकी यानं केली होती. तो 2007 साली गेला. त्याच्या आठवणीसाठी रिसॉर्टच्या झाडीत एक गोलाकार चक्रव्यूह केलेला आहे, फ्रान्समधल्या शार्त्र चर्चच्या फरशीवर आहे त्या धर्तीचा. त्यात टी नाही, ग्रीन नाही, भोक नाही, आणि काठी न्यायचीही गरज नाही. वाट धरायची, वळसे घेत मधल्या बिंदूपर्यंत चालत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं.